भावकवितेतील शैलीघटक आणि अर्थ : परिवृत्तीच्या कसोटीवर एक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

भावकवितेवरील विवेचनात, आणि विशेषतः परीक्षेसाठी लिहिल्या जाणाऱ्या रसग्रहणात, एक ठरीव क्रम आढळतो. प्रथम कवितेचा आशय गद्यात सांगावयाचा; त्यानंतर कल्पना, प्रतिमा व अलंकार ह्यांची नोंद करावयाची; आणि शेवटी वृत्ताचे नाव देऊन शब्दकळेविषयी ‘नादमधुर’, ‘प्रासादिक’, ‘ओघवती’ अशी दोनचार विशेषणे योजावयाची. ह्या क्रमामागे एक गृहीतक दडलेले असते. ते असे की, कवितेचा अर्थ आधीच सिद्ध असतो आणि शैली त्याला मागाहून शोभा आणते. कथाकाव्याच्या बाबतीत हे गृहीतक काही अंशी निभावून जाते. राम वनात गेला ही घटना ओवीत सांगितली काय किंवा आर्येत सांगितली काय, घटना म्हणून ती ओळखू येते. पात्रे, प्रसंग व त्यांचा कार्यकारणभाव हे अर्थाला स्वतंत्र आधार पुरवितात.

भावकवितेला असा आधार नसतो. तिच्यात बहुधा कथानक नसते, पात्रांची ओळख करून दिलेली नसते, स्थळकाळाचा निर्देशही क्वचितच असतो. कोण बोलत आहे, कोणाशी बोलत आहे, बोलण्याचा क्षण कोणता, बोलणाऱ्याचे व ऐकणाऱ्याचे नाते काय, ह्या प्रश्नांची उत्तरे वाचकाला कवितेबाहेरून मिळत नाहीत. ती त्याला क्रियापदाच्या प्रत्ययातून, सर्वनामातून, शब्दाच्या लिंगातून, शब्दक्रमातून आणि छंदाच्या चालीतून शोधावी लागतात. म्हणजे कथेत जे काम कथानक करते तेच काम भावकवितेत व्याकरण व छंद ह्यांना करावे लागते. शैलीघटक भावकवितेचा अर्थ घडवितात असे जेव्हा आपण म्हणतो तेव्हा हाच स्थूल पण महत्त्वाचा अर्थ अभिप्रेत असावयास हवा. प्रस्तुत लेखात मराठी भाषेच्या काही खास प्रवृत्तींच्या आधारे ह्या विधानाचे स्पष्टीकरण करावयाचे आहे.

संज्ञेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. ‘लिरिक’ ह्या पाश्चात्त्य काव्यप्रकारासाठी मराठीत वीणाकाव्य, वैणिक कविता, भावगीत आणि भावकविता असे निरनिराळे शब्द योजले गेले. पुढे ध्वनिमुद्रिका व नभोवाणी ह्यांच्या प्रसारामुळे ‘भावगीत’ ही संज्ञा मुख्यतः गाण्यासाठी असलेल्या रचनेकडे झुकली. म्हणून येथे ‘भावकविता’ हीच संज्ञा स्वीकारली असून तिच्या कक्षेत आधुनिक कवितेबरोबर संतांच्या आत्मपर अभंगांचाही समावेश केला आहे.

२. परंपरेतील आधार आणि कसोटी

व्याकरणाच्या लहानशा घटकातही काव्यार्थ वसतो हा विचार आपल्याला नवा नाही. नवव्या शतकातील काश्मिरी आचार्य आनंदवर्धन ह्यांनी ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात व्यंजकांची चर्चा करताना वर्ण, पद, वाक्य आणि संघटना ह्यांच्याबरोबर विभक्तिप्रत्यय, क्रियापदाचे प्रत्यय, वचन, कारक व समास ह्यांनाही स्थान दिले आहे. त्यांच्या नंतरच्या कुंतकाने ‘वक्रोक्तिजीविता’त वक्रतेचे सहा प्रकार मानले. त्यांपैकी पदाच्या पूर्वार्धावर आधारलेल्या वक्रतेत पर्यायी शब्दाची व लिंगाची निवड येते, तर प्रत्ययावर आधारलेल्या वक्रतेत काळ, कारक, संख्या व पुरुष ह्यांची निवड येते. प्रत्ययाच्या निवडीने काव्य घडते असे म्हणणारा हा आचार्य आधुनिक शैलीविचाराच्या फार जवळचा वाटतो. १९५८ साली अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात भरलेल्या शैलीविषयक परिषदेत रोमन याकबसन ह्यांनी भाषाविज्ञान व काव्यशास्त्र ह्यांच्या संबंधाविषयी जो निबंध मांडला, आणि जो १९६० साली प्रसिद्ध झाला, त्याने ह्याच प्रश्नाला आधुनिक भाषाविज्ञानाची परिभाषा मिळवून दिली.

परंतु तत्त्व मान्य होणे वेगळे आणि ते प्रत्यक्ष कवितेला लावून पाहणे वेगळे. त्यासाठी एक साधी कसोटी आपल्याच अलंकारशास्त्रात उपलब्ध आहे. मम्मटादी आलंकारिकांनी शब्दालंकार व अर्थालंकार ह्यांतील भेद परिवृत्तीच्या आधारे ठरविला. एखादा शब्द काढून त्याच्या जागी त्याचा पर्याय ठेवला असता अलंकार टिकला तर तो अर्थाश्रित. नाहीसा झाला तर तो शब्दाश्रित. अलंकारापुरती मर्यादित असलेली ही कसोटी आपण भाषेच्या सर्व घटकांना लावू शकतो. कवितेतील एकेक घटक बदलून पाहावा : ‘तू’च्या जागी ‘तुम्ही’, ‘आम्ही’च्या जागी ‘आपण’, ‘येई’च्या जागी ‘येत असे’, ‘मरण’च्या जागी ‘मृत्यू’. बदलानंतर कोणता अर्थ गेला हे सांगता आले, म्हणजे तो घटक कोणते अर्थकार्य करीत होता हे कळते. काहीच गेले नाही, तर त्या ठिकाणी तो घटक निर्णायक नव्हता असे प्रांजळपणे म्हणावे. ह्या पद्धतीचा मोठा लाभ असा की, ती अभ्यासकाला विशेषणांच्या आहारी जाऊ देत नाही.

३. बोलणारा कोण?

मराठी क्रियापद पुरुष, लिंग व वचन ह्यांचे ओझे स्वतःच वाहते. म्हणून कर्त्याचा उच्चार गाळता येतो. गद्यात ही केवळ सोय असते. भावकवितेत तिच्यातून अर्थ निर्माण होतो. ‘येते’ हे एकच पद घ्या. त्याचा कर्ता ‘मी’ असेल तर बोलणारी स्त्री आहे. ‘ती’ असेल तर कोणा स्त्रीविषयी किंवा स्त्रीलिंगी वस्तूविषयी बोलणे चालले आहे. ‘ते’ असेल तर कर्ता नपुंसकलिंगी आहे. ‘येतो’ ह्या पदातही ‘मी’ व ‘तो’ असे दोन कर्ते संभवतात, तर ‘आलो’मध्ये ‘मी’ आणि ‘आम्ही’ ह्यांतील सीमाच पुसट होते. कर्ता न सांगता अशा क्रियापदाने प्रारंभ करणारी कविता वाचकाला काही काळ अशा स्थितीत ठेवते की, बोलणारा स्वतःविषयी सांगत आहे की दुसऱ्याविषयी हे निश्चित होत नाही. पुढे कर्ता प्रकट झाला म्हणजे आधीच्या ओळींचा अर्थ मागाहून बदलतो. ‘मी’ हा शब्द प्रारंभीच घालून पाहिला तर हा सारा व्यापार नाहीसा होतो.

ह्याच्या उलट दिशेनेही मराठी व्याकरण कवीच्या हाती एक साधन देते. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळी कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माप्रमाणे चालते. ‘मी दार उघडले’ ह्या वाक्यातून बोलणारा पुरुष की स्त्री हे कळत नाही. ‘मी दाराशी आलो’ किंवा ‘मी दाराशी आले’ म्हणताच ते कळते. केवळ सकर्मक भूतकाळी क्रियापदांनी रचलेल्या कवितेत बोलणाऱ्याचे लिंग झाकलेले राहते आणि एखादेच अकर्मक क्रियापद ते उघड करते. अशा कवितेत त्या एका प्रत्ययावर किती भार पडतो हे निराळे सांगावयास नको.

लिंगदर्शक प्रत्ययाचे महत्त्व विरहिणीच्या परंपरेत सर्वांत स्पष्ट दिसते. ज्ञानदेवांच्या नावावरील विराण्यांत आणि एकनाथांच्या गवळणींत पुरुष कवी स्त्रीच्या तोंडून बोलतो. तेथे ‘मी’ हे सर्वनाम तटस्थ आहे. कवी व बोलणारी ह्यांतील अंतर क्रियापदाच्या स्त्रीलिंगी प्रत्ययाने निर्माण होते. तो प्रत्यय पुल्लिंगी केला तर ईश्वराविषयीच्या ओढीचे विधान कदाचित उरेल. परंतु कांतेने कांतासाठी झुरावे तसे झुरणे, आणि त्या झुरण्यात स्वतःच्या लौकिक ओळखीचा त्याग करणे, हा अर्थ उरणार नाही. त्या त्यागाची खूण प्रत्ययाखेरीज अन्यत्र कोठेही नाही.

ह्या संदर्भात एक ऐतिहासिक योगायोग नमूद करण्यासारखा आहे. आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक मानले गेलेले केशवसुत (१८६६–१९०५) आणि ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) ह्या ग्रंथाचे कर्ते मोरो केशव दामले हे सख्खे भाऊ होते. कविता व व्याकरण ह्यांचे घर एकच असल्याची ही साक्ष, योगायोग म्हणून का होईना, काव्याच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

४. ऐकणारा कोण?

संबोधनाची गोष्टही अशीच आहे. मराठीत ‘तू’ हे सर्वनाम परमेश्वर, आई, प्रिय व्यक्ती, लहान मूल आणि शत्रू ह्या सर्वांना चालते. ‘तुम्ही’ आदराचे व अंतराचे आहे. जुन्या घरांतून आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ म्हणण्याची रीत होती. ही रीत मनात असलेल्या वाचकाला, संतांनी विठ्ठलाला माउली मानून ‘तू’ म्हटले ह्यातील आशय वेगळा समजावून द्यावा लागत नाही. देवाचे पितृत्व व राजेपण बाजूला सारून त्याच्याशी भांडण्याचा, रुसण्याचा अधिकार त्या एका सर्वनामाने मिळविलेला असतो.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद तर इंग्रजीसारख्या भाषेत एका शब्दाने दाखविताच येत नाही. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा वगळलेला असतो, ‘आपण’मध्ये तो समाविष्ट असतो. शिवाय ‘आपण’ हे आदरार्थी द्वितीय पुरुषाचे आणि ‘स्वतः’ ह्या अर्थाचेही सर्वनाम आहे. प्रेमकवितेत ‘आम्ही’ म्हणणारा बोलणारा जगाकडे तोंड करून उभा असतो; ‘आपण’ म्हणणारा प्रिय व्यक्तीकडे वळलेला असतो. एखाद्या कवितेत प्रारंभी ‘आपण’ आणि शेवटी ‘मी’ व ‘तू’ अशी दोन सर्वनामे आली, तर ताटातुटीचे वर्णन न करताही ती घडून गेलेली असते. सामाजिक आशयाच्या कवितेत हाच भेद निराळ्या रीतीने महत्त्वाचा ठरतो : ‘आम्ही’ हे एका समूहाचे आव्हान असते, तर ‘आपण’ हे वाचकाला जबाबदारीत सामील करून घेणारे सर्वनाम असते.

ह्या ठिकाणी चरित्रात्मक वाचनाचा प्रश्न उपस्थित होतो. इंदिरा संत (१९१४–२०००) ह्यांच्या ‘शेला’ (१९५१), ‘मेंदी’ (१९५५) व ‘मृगजळ’ (१९५७) ह्या संग्रहांतील विरहाच्या कवितांत एका अनुपस्थित ‘तू’ला उद्देशून बोलणे वारंवार येते. त्यांच्या पतीचे, कवी ना. मा. संत ह्यांचे, १९४६ साली निधन झाले ही गोष्ट सर्वज्ञात असल्यामुळे वाचक त्या ‘तू’च्या जागी चटकन एक नाव ठेवतो. तसे ठेवण्यात गैर काही नाही. परंतु तेथेच थांबले तर कवितेचे कार्य दृष्टीआड होते. ‘तू’ हे सर्वनाम ऐकणाऱ्याची उपस्थिती गृहीत धरते. जो नाही त्याला ‘तू’ म्हणताच तो बोलण्यापुरता उपस्थित होतो, आणि बोलणे संपताच पुन्हा नाहीसा होतो. उपस्थिती व अनुपस्थिती ह्यांचा हा ताण त्या संबोधनातूनच जन्मतो. ‘तू’च्या जागी ‘तो’ ठेवून पाहावे. चरित्रातील घटना तीच राहील, पण कविता आठवणीचे निवेदन होऊन बसेल. चरित्राने दुःखाचे कारण कळते. दुःखाची रीत मात्र सर्वनाम सांगते.

५. बोलण्याचा क्षण

काळाच्या बाबतीत मराठीत एक विशेष लक्षणीय रूप आहे. ‘करी’, ‘येई’, ‘बसे’, ‘म्हणे’ ही रूपे जुन्या मराठीत वर्तमानकाळाची होती. आजच्या मराठीत ती रीतिभूतकाळ दाखवितात : ‘तो रोज येई’ म्हणजे पूर्वी येत असे. ‘दाम करी काम’ अशा म्हणींत मात्र त्यांचा जुना, कालनिरपेक्ष वर्तमान टिकून आहे. आधुनिक कवी जेव्हा हे रूप योजतो तेव्हा वाचकाला त्यात एकाच वेळी तीन छटा ऐकू येऊ शकतात : एकेकाळी नित्य घडणारे, आता कवितेपुरते घडत असलेले, आणि सदासर्वदा घडणारे. ‘वारा वाहतो’ हे निरीक्षण आहे. ‘वारा वाहत होता’ ही कथा आहे. ‘वारा वाहे’ हे ह्या दोहोंच्या पलीकडचे, कोणत्याही एका दिवसाला न बांधलेले वाक्य आहे. भावकवितेला क्षण हवा असतो आणि तो क्षण नाहीसा होऊ नये अशीही तिची आकांक्षा असते; ही दुहेरी गरज हे रूप भागविते.

अभंगाच्या अखेरीस येणारी नाममुद्रा ह्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. कवीचे नाव व ‘म्हणे’ हे क्रियापद, एवढाच तिचा सामान्य साचा. तोवर ‘मी’ म्हणून बोलणारा कवी तेथे स्वतःलाच तृतीय पुरुषात ठेवतो. ज्या क्षणी आपले नाव घ्यावयाचे त्याच क्षणी ‘मी’पणा सोडावयाचा, असा हा व्याकरणाचा विनय आहे. मूळ रचनेत ‘म्हणे’चा अर्थ ‘म्हणतो’ एवढाच होता. आजच्या वाचकाला त्यात ‘म्हणत असे’ हाही अर्थ ऐकू येतो, आणि बोलण्यात ‘तो म्हणे गावाला गेला’ अशा वाक्यांतून आलेली ऐकीव गोष्टीची छटाही जाणवते. कवीने योजलेला अर्थ व काळाने चढविलेला अर्थ ह्यांत फरक करणे अभ्यासकाचे कर्तव्य आहे. पण दुसरा अर्थ वाचकाच्या मनात उमटतो हेही नाकारून चालणार नाही.

६. शब्दाची जात

पर्यायी शब्दांच्या निवडीत मराठी कवीपुढे संस्कृत, देशी व फारसी अशा तीन वाटा खुल्या असतात. नेत्र, डोळा, नजर ह्या शब्दांचे निर्देश एकमेकांच्या जवळपासचे, पण त्यांची कुळे वेगळी. ‘फार्शी-मराठी कोश’ (१९२५) सिद्ध करणाऱ्या माधव ज्यूलियनांनी ‘गज्जलांजलि’त (१९३३) गझल मराठीत रुजविण्याचा जो प्रयत्न केला त्यात छंदाबरोबर शब्दांच्या ह्या कुळांचाही प्रश्न होता.

शब्दाचे लिंगही येथे अर्थ घडविते. ‘मृत्यू’ पुल्लिंगी आहे. तो दाराशी येऊ शकतो, हात धरू शकतो, पाहुणा होऊ शकतो. ‘मरण’ नपुंसकलिंगी आहे. ते येते, पण व्यक्ती होऊन सहसा येत नाही. ‘वारा’ व ‘झुळूक’, ‘ऊन’ व ‘सावली’, ‘नदी’ व ‘पाणी’ ह्या जोड्यांतही असाच भेद आहे. ज्या कवितेत निसर्गाचे मानुषीकरण आहे तेथे नात्यांची सारी मांडणी शब्दांच्या लिंगांवर उभी असते, आणि म्हणून लिंगभेद नसलेल्या भाषेत तिचे भाषांतर करताना ती मांडणी कोसळते. ‘वाट’ हा शब्द तर ह्याहून बोलका आहे. ‘वाट पाहणे’ म्हणजे रस्त्याकडे पाहणे आणि प्रतीक्षा करणे. त्या जागी ‘मार्ग’ वा ‘रस्ता’ ठेवला की चालण्याची जागा उरते, पण थांबलेले मनुष्य नाहीसे होते.

बोलीचा विचारही येथेच करावयास हवा. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) ह्यांची गाणी त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. खानदेशातील त्यांच्या बोलीची रूपे प्रमाण मराठीत बदलून पाहावीत. विचार तोच राहील. मात्र तो विचार शेतात, चुलीपाशी, जात्यापाशी सुचलेला आहे ही प्रतीती जाईल आणि उरलेले वाक्य सुभाषितासारखे भासेल. बोलीमुळे त्या गाण्यांतील तत्त्वज्ञान कोणाकडून तरी शिकलेले न वाटता जगून मिळविलेले वाटते. म्हणून तेथील बोली हा स्थानिक रंग नसून विधानाचा पुरावाच आहे.

७. छंदाची स्मृती

आतापर्यंत पाहिलेले घटक शब्दाशी निगडित होते. छंद सर्व शब्दांना व्यापून असतो. माधव ज्यूलियनांनी ‘छंदोरचना’ (१९२७, सुधारून वाढविलेली आवृत्ती १९३७) ह्या ग्रंथात मराठी पद्याची वृत्त, जाति व छंद अशी त्रिविध व्यवस्था लावली : लघुगुरूंचा क्रम ठरलेला ते वृत्त, मात्रांचे आवर्तन असलेली ती जाति, आणि अक्षरसंख्येवर चालणारा तो छंद.

छंद दोन प्रकारे अर्थ घडवितो. पहिला प्रकार त्याच्या अंगच्या घडणीतून येतो. सतरा अक्षरांच्या मंदाक्रांतेत प्रथम चार गुरू येतात, मग पाच लघू व एक गुरू, आणि शेवटच्या सात अक्षरांत दोहोंचे मिश्रण असते. चौथ्या व दहाव्या अक्षरावर यती. जड पावलांनी निघावे, मध्येच धाव घ्यावी आणि पुन्हा सावरावे, अशी ही गती आहे. ‘मेघदूता’च्या विरही यक्षाला हे वृत्त का साधले ह्याचे निदान एक कारण ह्या घडणीत आहे. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा व चार अक्षरांचे चरण असून दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक असते. ह्याचा परिणाम पाहण्यासारखा होतो. कानाची यमकाची अपेक्षा तिसऱ्या चरणातच पुरी होते. चौथा चरण आखूड व यमकावाचून येतो. नादाने सोडलेल्या त्या जागी विधान एकटे, उघडे उभे राहते. अभंगातील निर्वाणीचे, रोखठोक किंवा अगतिक बोल अनेकदा तेथेच का सापडतात हे ह्यावरून समजते.

दुसरा प्रकार स्मृतीचा. छंद आपल्याबरोबर त्यात पूर्वी बोलले गेलेले सारे घेऊन येतो. बारा अक्षरांचे, चार य-गणांचे भुजंगप्रयात कानी पडले की मराठी मनाला रामदासांचे मनाचे श्लोक आठवतात, आणि उपदेशाचा सूर गृहीत धरला जातो. ओवी म्हटले की एकीकडे शके १२१२ (इ. स. १२९०) मधील ‘ज्ञानेश्वरी’ आणि दुसरीकडे पहाटेचे जाते अशी दोन जगे जागी होतात. ही स्मृती स्वीकारावयाची की तिच्याविरुद्ध जावयाचे, हा निर्णय कवीचा असतो.

बा. सी. मर्ढेकर (१९०९–१९५६) ह्यांचे उदाहरण ह्या संदर्भात टाळताच येणार नाही. ‘काही कविता’ (१९४७) व ‘आणखी काही कविता’ (१९५१) ह्या संग्रहांत त्यांनी महायुद्धोत्तर यांत्रिक जीवनाचा अनुभव मांडताना ओवी-अभंगांचे घाट आपलेसे केले. शरणागतीसाठी घडलेल्या छंदात यंत्राचे, शहराचे व विटंबनेचे शब्द आले, म्हणजे शब्द एक म्हणतात आणि छंद दुसरे आठवून देतो. श्रद्धेची जागा रिकामी झाली आहे हे गद्यात सांगता येते; परंतु ती जागा कोणती होती व किती मोठी होती हे त्या छंदाच्या आठवणीनेच कळते. त्याच शब्दांना मुक्तच्छंदात ठेवले तर उपहास उरेल, व्याकुळता उरणार नाही. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) ह्या ग्रंथात मर्ढेकरांनी लयीची संवाद, विरोध व समतोल अशी जी तत्त्वे सांगितली त्यांपैकी विरोधाचे हे प्रत्यक्ष दर्शन म्हणता येईल.

‘काही कविता’ ह्या संग्रहावर अश्लीलतेच्या आरोपावरून सरकारने खटला भरला आणि १९५२ साली कवी निर्दोष सुटले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ह्या घटनेतील बोध असा की, एखादा शब्द कवितेतून सुटा करून वाचणे आणि तो तिच्या रचनेत वाचणे ह्यांतील फरक निव्वळ पंडिती नव्हे. सुटा शब्द एक गोष्ट सांगतो. छंद, संबोधन व सूर ह्यांच्या चौकटीतील तोच शब्द कधी नेमकी उलट गोष्ट सांगतो. ह्या फरकाचे भान नसलेला वाचक कवितेवर अन्याय करतो, आणि प्रसंगी कवीवरही.

८. पद्धतीच्या मर्यादा

येथवर सांगितलेल्या पद्धतीचा अतिरेक होण्याचा धोका आहे. म्हणून काही पथ्ये सांगणे अगत्याचे वाटते. पहिले असे की, कोणत्याही घटकाला ठराविक अर्थ चिकटवू नये. लघू अक्षरे म्हणजे आनंद व गुरू अक्षरे म्हणजे शोक, अशी कोष्टके व्यर्थ होत. घटकाचे मूल्य कवितेतील इतर घटकांशी असलेल्या संबंधाने ठरते. दुसरे, निवड आणि सक्ती ह्यांत भेद करावा. वृत्तासाठी ऱ्हस्वाचे दीर्घ केलेले अक्षर किंवा गणाच्या सोयीसाठी उलटलेला शब्दक्रम ह्यांत गूढार्थ शोधू नये. यमकाबाबतही हेच खरे. मराठीत ‘करितो–धरितो’ अशी प्रत्ययांची यमके फुकट मिळतात. क्रियापदाशी नाम जुळविणारे यमक मात्र दोन दूरच्या कल्पनांना शेजारी आणते, आणि तेथे विचार करावयास जागा असते.

तिसरे पथ्य ऐतिहासिक व्याकरणाचे. जुन्या अभंगातील ‘करी’ हे रूप त्या काळचा साधा वर्तमान होय. त्याला आधुनिक कवीच्या निवडीचे मूल्य देणे चुकीचे ठरेल. चौथे, संहितेविषयीची सावधगिरी. संतांच्या गाथांच्या प्रतींत पाठभेद आहेत, आणि मौखिक परंपरेत सर्वांत सहज बदलतात ते प्रत्ययच. ज्या प्रत्ययावर आपण अर्थाचा डोलारा उभा करणार तो सर्व प्रतींत आहे काय, हे आधी पाहावे. शैलीविचार, भाषेचा इतिहास आणि पाठचिकित्सा ह्या तीन शाखा ह्या ठिकाणी एकमेकींवाचून पांगळ्या आहेत.

एक आक्षेप असाही घेतला जातो की, कवी लिहिताना प्रत्ययांचा विचार करीत नाही. मग अभ्यासकाने तो का करावा? ह्याचे उत्तर सोपे आहे. बोलणारा मनुष्यही ‘आम्ही’ व ‘आपण’ ह्यांतील निवड विचारपूर्वक करीत नाही. पण ऐकणाऱ्याला आपण वगळले गेलो की सामावले गेलो हे तत्काळ कळते. अर्थ असण्यासाठी हेतू जाणीवपूर्वक असावाच लागतो असे नाही.

९. उपसंहार

ह्या विवेचनाचा अध्यापनाच्या दृष्टीने निष्कर्ष असा की, भावकवितेच्या रसग्रहणाचा प्रचलित क्रम बदलावयास हवा. आशय आधी व शैली नंतर, असे न करता प्रथम तीन प्रश्न विचारावेत : कोण बोलत आहे व ते कोणत्या प्रत्ययावरून कळते? कोणाशी बोलत आहे व ते कोणत्या सर्वनामावरून कळते? कोणत्या क्षणी आणि कोणत्या छंदाच्या चालीत बोलत आहे? ह्या प्रश्नांची उत्तरे परिवृत्तीने पारखून घेतल्यावर जो उरतो तो कवितेचा आशय. असा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला विशेषणांची उणीव भासेल; पण एखादा प्रत्यय बदलला असता कवितेचे नेमके काय हरवते हे त्याला सांगता येईल. कविता समजली आहे की नाही ह्याची ह्याहून विश्वासार्ह परीक्षा असू शकेल असे वाटत नाही.